ब्रिटनचे विद्यार्थी कर्ज : एकाच घरातील दोन खाती

पुण्यातील ज्या कुटुंबांतली मुले वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडला गेली आणि तिथेच स्थायिक झाली, त्या कुटुंबांतली नातवंडे आता तिथल्या विद्यापीठांत प्रवेश घेऊ लागली आहेत. प्रवेशाबरोबर सरकारी विद्यार्थी कर्जाची कागदपत्रे येतात, रकमेचा आकडा रुपयांत मांडला की छातीत धस्स होते आणि कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर इथल्या आजी-आजोबांच्या मनात पहिला विचार येतो तो मुदतठेव मोडून नातवाला कर्जातून सोडवण्याचा. माझ्या थोरल्या बहिणीनेही हेच ठरवले होते. "आपल्या घरात कुणी कधी कर्ज काढलेलं नाही," एवढेच तिचे म्हणणे होते, आणि मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य घालवलेले असल्यामुळे तिने कागद माझ्याकडे दिले. तिच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची, दोन्ही मुले इंग्लंडमध्येच वाढली. मुलीने २०१९ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला, तर मुलाने २०२४ मध्ये. दोघांची खाती मी बारकाईने वाचली आणि बँकेतला माणूस एखाद्या कर्जयोजनेकडे ज्या नजरेने पाहील, त्याच नजरेने तिचे परीक्षण इथे करीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याबद्दल पुण्यात बराच गैरसमज आढळतो. पुण्याहून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलाला हे कर्ज मिळत नाही. त्याला परदेशी विद्यार्थ्याचे चढे शुल्क भरावे लागते आणि त्यासाठी इथल्याच बँकेकडे जावे लागते. हे कर्ज ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या आणि काही वर्षे प्रत्यक्ष तिथे राहिलेल्या मुलांसाठी आहे. शिवाय ब्रिटन म्हटले तरी सगळीकडे एकच व्यवस्था नाही. स्कॉटलंडमध्ये तिथल्या रहिवासी विद्यार्थ्यांना पहिल्या पदवीचे शुल्कच पडत नाही. मी लिहितो आहे ते इंग्लंडबद्दल.

कर्जाची रचना अशी आहे. शिक्षण शुल्काची रक्कम थेट विद्यापीठाला जाते. २०२५-२६ साठी ती वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड आहे. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी वेगळे निर्वाह कर्ज मिळते, त्याची रक्कम आई-वडिलांच्या उत्पन्नावर ठरते आणि लंडनबाहेर घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला २०२५-२६ मध्ये ते जास्तीत जास्त १०,५४४ पौंड मिळू शकते. तीन वर्षांची बेरीज ६०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ७० लाख रुपयांच्या आसपास सहज जाते. कर्ज देणारी स्टुडंट लोन्स कंपनी ही १९८९ मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था असून तिचे मुख्यालय ग्लासगोला आहे. वसुली मात्र करखाते करते. पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की मर्यादेवरच्या रकमेचे ९ टक्के मालकाकडूनच कापून घेतले जातात. पगार मर्यादेखाली असेल, नोकरी सुटली असेल किंवा मूल लहान म्हणून कुणी घरी बसले असेल, तर एक पैसाही द्यावा लागत नाही, थकबाकी लागत नाही आणि कुणाचा फोनही येत नाही. ठरलेली वर्षे संपली की उरलेली सगळी रक्कम माफ होते. कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज तिथेच संपते, वारसांकडे येत नाही. जामीनदार नाही, तारण नाही, आणि पतमानांकनाच्या नोंदीतही हे कर्ज दिसत नाही. फक्त घरकर्ज देताना बँक या कपातीमुळे हातात कमी उरणारा पगार विचारात घेते.

हे वाचताना मला आमच्या शाखेतल्या फाइली आठवत होत्या. आपल्याकडच्या शैक्षणिक कर्जात वडील किंवा आई सहकर्जदार असतात. साडेसात लाखांच्या पुढे बहुधा तारण मागितले जाते आणि मध्यमवर्गीय घरात तारण देण्यासारखी वस्तू एकच असते, ती म्हणजे राहता फ्लॅट. अभ्यासक्रम संपून साधारण वर्ष झाले की हप्ता सुरू होतो आणि मुलाला नोकरी लागली आहे की नाही, याच्याशी हप्त्याचा काही संबंध नसतो. तीन महिने हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेल्या बापाने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून मुलाचे हप्ते भरल्याची उदाहरणे मी काउंटरच्या पलीकडून पाहिली आहेत, आणि नियमांच्या चौकटीत त्यांच्यासाठी फारसे काही करता येत नसे याचा सल मला अजूनही आहे. आपल्याकडे शिक्षणाची जोखीम आधीची पिढी उचलते. इंग्लंडची योजना ही जोखीम कुटुंबावर टाकत नाही, मुलावरही सगळी टाकत नाही. ज्याला कमी मिळाले त्याच्याकडून कमी घ्यायचे आणि उरलेले सरकारने सोसायचे, हे तिचे मूळ तत्त्व आहे. कर्जयोजना म्हणून ही कल्पना फार चांगली आहे, असे माझे स्पष्ट मत झाले. भारतात कुणी अशी योजना आणली, तर मी तिचे स्वागतच करीन.

खरी अडचण अटींमध्ये आहे आणि त्या बदलण्याच्या पद्धतीत आहे.

बहीण-भावाची खाती शेजारी ठेवली की ती लगेच दिसते. दोघांच्या प्रवेशात पाच वर्षांचे अंतर आहे आणि तेवढ्यात योजना बदलली आहे. २०१२ ते २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत शिक्षण सुरू केलेल्यांना 'प्लॅन २' लागू होतो, त्यानंतरच्यांना 'प्लॅन ५'. थोरलीचे कर्ज ३० वर्षांनी माफ होईल, धाकट्याचे ४० वर्षांनी. थोरलीसाठी २०२५-२६ ची उत्पन्नमर्यादा २८,४७० पौंड आहे, धाकट्याच्या योजनेसाठी २५,००० पौंड. थोरलीला पगार ३२,००० पौंड आहे. त्यावर तिची वर्षाची कपात सुमारे ३१८ पौंड होते. धाकट्याला आज एवढाच पगार असता, तर त्याची कपात ६३० पौंड झाली असती. आई-वडील तेच, घर तेच, शिक्षण सारखेच, पगारही धरला तर सारखाच, आणि कपात जवळजवळ दुप्पट. बाविशीत पदवी घेतलेल्या मुलाचे चाळीस वर्षांचे खाते त्याच्या वयाच्या बासष्टीपर्यंत चालू राहू शकते.

व्याजाच्या बाबतीत मात्र धाकट्याची अट चांगली आहे. त्याच्यावर किरकोळ किंमत निर्देशांकाइतकेच, म्हणजे महागाईइतकेच, व्याज लागते. २०२५-२६ साठी हा दर ३.२ टक्के आहे. थोरलीच्या योजनेत शिकत असताना निर्देशांकावर आणखी ३ टक्के व्याज लागते आणि नोकरी लागल्यावर उत्पन्न वाढेल तसे ते निर्देशांकाइतक्या दरापासून तीन टक्के अधिक इतके चढत जाते. तिच्या पगाराला आज ते साडेतीन टक्क्यांच्या थोडे वर येते. ५०,००० पौंडांच्या शिल्लक कर्जावर वर्षाचे व्याज सुमारे १,८०० पौंड आणि फेड ३१८ पौंड, असे हे खाते आहे. नियमित कपात होऊनही मुद्दल दरवर्षी फुगताना पाहून भाचीची मुलगी घाबरली होती. बँकेच्या भाषेत असे खाते कधीच सुटणार नाही. या योजनेत ते सुटावे अशी अपेक्षाही नाही. मर्यादेवरच्या पगाराच्या ९ टक्के एवढाच भार आहे, विवरणपत्रातला एकूण आकडा बहुतेकांच्या बाबतीत त्यांच्या खिशावर परिणाम करीत नाही, हे समजावून सांगितल्यावर तिची भीती बरीच कमी झाली.

पण मग सगळे लक्ष उत्पन्नमर्यादेवर जाते, कारण कर्जदाराने किती द्यायचे हे प्रत्यक्षात तीच ठरवते. आणि नेमका हाच आकडा सरकारने स्वतःच्या हातात मोकळा ठेवला आहे.

२०१२ मध्ये शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर नेण्यात आली, तेव्हा उत्पन्नमर्यादा २१,००० पौंड असेल आणि २०१७ पासून ती सरासरी वेतनवाढीनुसार दरवर्षी वाढेल, असे विद्यार्थ्यांना सांगण्यात आले होते. त्या भरवशावर लाखो मुलांनी सह्या केल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ती मर्यादा पाच वर्षांसाठी गोठवल्याचे जाहीर केले, तेही आधीच कर्ज घेतलेल्यांसाठी. ग्राहकांच्या पैशांच्या प्रश्नांवर काम करणारे मार्टिन लुईस यांनी याला कडाडून विरोध केला. एखाद्या खासगी बँकेने असे केले असते, तर नियामकाने ते चालू दिले नसते, हा त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. आमच्या बँकेत कर्जाच्या करारावर सही झाल्यानंतर फेडीचे सूत्र एकतर्फी बदलण्याची कल्पनाही कुणी केली नसती. पुढे थेरेसा मे यांच्या सरकारने एप्रिल २०१८ पासून मर्यादा २५,००० पौंड केली, ती हळूहळू वाढत एप्रिल २०२१ मध्ये २७,२९५ पौंडांवर आली आणि तिथे पुन्हा चार वर्षे थांबली. एप्रिल २०२५ मध्ये ती २८,४७० झाली. एप्रिल २०२६ पासून २९,३८५ पौंड आणि एप्रिल २०२७ पासून पुढची तीन वर्षे पुन्हा गोठवण, असा निर्णय नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ज यांनी जाहीर केला. पक्ष बदलले, अर्थमंत्री बदलले, पैशाची गरज पडली की हात इथेच जातो हे मात्र बदलले नाही.

आता याच काळात त्याच सरकारने निवृत्तिवेतनाचे काय केले ते पाहावे. २०११ पासून ब्रिटनमध्ये सरकारी निवृत्तिवेतनाला 'ट्रिपल लॉक' आहे: वेतनवाढ, महागाई किंवा अडीच टक्के, यांपैकी जे सर्वांत जास्त असेल तेवढे निवृत्तिवेतन दरवर्षी वाढते. एप्रिल २०२२ मध्ये वेतनवाढीचा निकष एका वर्षापुरता बाजूला ठेवला गेला, तेव्हा वाढ ३.१ टक्के झाली. त्यानंतर २०२३ मध्ये १०.१ टक्के आणि २०२४ मध्ये ८.५ टक्के. या तीन वर्षांत नवे पूर्ण निवृत्तिवेतन आठवड्याला १७९.६० पौंडांवरून २२१.२० पौंडांवर गेले, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी वाढले. नेमक्या याच तीन वर्षांत 'प्लॅन २' ची मर्यादा २७,२९५ वर खिळलेली होती. तीही २३ टक्क्यांनी वाढली असती, तर २०२४-२५ मध्ये ती सुमारे ३३,६०० पौंड झाली असती आणि ३२,००० पौंड पगाराच्या मुलीकडून एकही पौंड कापला गेला नसता. प्रत्यक्षात त्या वर्षी तेवढ्या पगारावर ४२३ पौंड कापले गेले. महागाई दोघांसाठी सारखीच होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने ११ टक्क्यांची पातळी ओलांडली, तेव्हा भाकरी, भाडे आणि गॅसचे बिल चोविशीच्या मुलीसाठीही तेवढेच महागले होते.

मी स्वतः निवृत्तिवेतनधारक आहे, म्हणून हा मुद्दा जपून मांडतो. बँकेच्या निवृत्तांचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी निर्देशांकानुसार बदलतो, पण मूळ निवृत्तिवेतनाच्या अपडेशनसाठी, म्हणजे ते नव्या वेतनश्रेणीनुसार सुधारून मिळण्यासाठी, आमच्या संघटना वर्षानुवर्षे झगडत आहेत. रक्कम निर्देशांकाला बांधलेली असणे आणि नसणे यांत म्हातारपणी केवढा फरक पडतो, हे आम्हांला कुणी सांगायला नको. ब्रिटनमधल्या वृद्धांनीही ट्रिपल लॉक कुणाकडून हिसकावून घेतलेले नाही. तिथले सरकारी निवृत्तिवेतन पश्चिम युरोपातल्या अनेक देशांच्या तुलनेत बेताचे आहे. भाड्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या, आयुष्यभर कमी पगारावर काम केलेल्या बाईला त्याच्याशिवाय आधार नाही. एकेकाळी तिथले वृद्ध हा समाजातला सर्वांत गरीब गट होता आणि तो राहिला नाही, ही त्या देशाने मिळवलेली चांगली गोष्ट आहे. माझी तक्रार वृद्धांना मिळणाऱ्या संरक्षणाबद्दल नाही. सरकारने एका पिढीला दिलेला शब्द कायद्यासारखा पाळावा आणि दुसऱ्या पिढीला दिलेला शब्द अर्थसंकल्पाच्या सोयीने मोडावा, याबद्दल आहे. २०२४ मध्ये रीव्ज यांनी बहुसंख्य वृद्धांचे हिवाळी इंधन साहाय्य बंद केले, तेव्हा एवढा क्षोभ झाला की वर्षाच्या आत, जून २०२५ मध्ये, ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ते परत देण्याची घोषणा करावी लागली. वृद्ध मोठ्या संख्येने मतदान करतात आणि पदवीधर तरुण विखुरलेले असतात. ट्रिपल लॉकचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या तिप्पट होऊन २०२९-३० पर्यंत वर्षाला सुमारे साडेपंधरा अब्ज पौंडांवर जाईल, असे तिथल्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०२५ मध्ये सांगितले, तरीही कोणताही मोठा पक्ष त्याला हात लावायला धजत नाही.

कराच्या कपातीत हा कल आणखी ठसठशीत दिसतो. मर्यादेच्या वर मिळणाऱ्या प्रत्येक जादा पौंडावर थोरलीकडून २० टक्के प्राप्तिकर, ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) आणि ९ टक्के कर्जफेड, असे ३७ टक्के जातात. तिच्याच कार्यालयात तेवढ्याच पगारावर काम करणाऱ्या, निवृत्तिवेतनाचे वय ओलांडलेल्या सहकाऱ्याकडून फक्त २० टक्के जातात, कारण त्या वयानंतर नॅशनल इन्शुरन्स भरावा लागत नाही आणि त्याच्या काळात शिक्षणाचे कर्जही नव्हते. पगार ५०,२७० पौंडांच्या वर गेला, तर तिची कपात ५१ टक्क्यांवर जाते.

तो काळ कसा होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९६२ च्या कायद्याने पूर्णवेळ पदवी घेणाऱ्यांचे शुल्क सरकार भरू लागले आणि गरजेनुसार निर्वाह अनुदानही मिळू लागले. १९९० मध्ये निर्वाह कर्ज आले, १९९८ मध्ये १,००० पौंड शुल्क आले, २००६ मध्ये ते ३,००० झाले, २०१२ मध्ये ९,०००, आणि २०१६ मध्ये गरीब घरच्या नव्या विद्यार्थ्यांना मिळणारे उरलेसुरले अनुदानही कर्जात बदलले. २०१० मध्ये शुल्कवाढीला विरोध करण्याचे लेखी वचन देऊन निवडून आलेल्या निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने सत्तेत गेल्यावर त्याच वाढीला साथ दिली आणि २०१२ मध्ये त्यांना जाहीर माफी मागावी लागली. फुकट शिक्षणाचा तो लाभ १९७० च्या सुमाराला दहातल्या एखाद्याच तरुणाला मिळत होता, तर आता जवळपास निम्मे तरुण उच्च शिक्षण घेतात. एवढ्यांचा खर्च केवळ करांतून करणे कोणत्याही सरकारला जड जाईल. म्हणून शुल्क घेणेच अन्याय्य आहे, असे मी म्हणणार नाही. पदवीमुळे ज्याचे उत्पन्न वाढले त्याने काही वाटा परत द्यावा, हे तत्त्व मला मान्य आहे. मात्र ज्या पिढीने फुकट शिकून, १९८० नंतर नगरपालिकेची घरे सवलतीत विकत घेऊन स्वतःची घडी बसवली, तिच्याच मतांवर निवडून आलेली सरकारे नंतरच्या मुलांसाठी वर्षावर्षाला अटी कडक करीत गेली, हा क्रम नजरेआड करता येत नाही.

हिशेबनीसाच्या दृष्टीने मला सर्वांत खटकलेली बाब सरकारी जमाखर्चातली आहे. २०१९ पर्यंत हे कर्ज वाटताना दिलेली रक्कम तुटीत धरलीच जात नव्हती, कारण ते कागदोपत्री येणे होते. त्यावर चढणारे व्याज, जे कधीच वसूल होणार नाही हे ठाऊक होते तेही, सरकारचे उत्पन्न म्हणून दाखवले जात होते. माफ होणारी रक्कम तीस वर्षांनंतरच्या अर्थमंत्र्याच्या खात्यात पडणार होती. बँकेत आम्ही बुडीत कर्जाची तरतूद त्याच वर्षी करीत होतो. ती टाळणाऱ्या शाखाधिकाऱ्याची चौकशी झाली असती. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही पद्धत बदलण्याचा निर्णय घेतला, सप्टेंबर २०१९ मध्ये तो अमलात आला, आणि एका वर्षाची तूट सुमारे १२ अब्ज पौंडांनी वाढलेली दिसू लागली. खर्च आधीही होतच होता. तोवर डिसेंबर २०१७ मध्ये जुन्या कर्जांपैकी साडेतीन अब्ज पौंडांचे येणे १.७ अब्जांना विकूनही झाले होते. एकूण येणे आता अडीचशे अब्ज पौंडांच्या पुढे आहे. त्यातले जे वसूल होणार नाही ते करदात्यांवर पडणार, आणि येत्या तीस-चाळीस वर्षांतले करदाते म्हणजे बहुतांशी हीच मुले. देशाचे एकूण सरकारी कर्ज वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास बरोबरीला आले आहे आणि नुसत्या व्याजापोटी वर्षाला शंभर अब्ज पौंडांहून अधिक जातात, हेही त्यांच्याच वाट्याला येणार आहे.

निर्वाह कर्जाबद्दल थोडे स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण पुण्याहून मदत करायची असेल तर ती खरी इथे लागते. हे पूर्ण कर्ज मिळण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांपर्यंत असावे लागते आणि ही अट २००८ पासून एका पौंडानेही वाढलेली नाही. वेतने वाढत गेली तशी साधी कामे करणारी घरेही या रेषेच्या वर गेली आणि मुलांच्या हाती येणारे कर्ज कमी होत गेले. उरलेली रक्कम आई-वडील देतील असे गृहीत धरले आहे, पण तसे त्यांना कुठेही ठळकपणे कळवले जात नाही. मग ही पोकळी क्रेडिट कार्ड आणि 'आता घ्या, नंतर पैसे द्या' अशा सोयींनी भरली जाते. पगार होईपर्यंत घेतल्या जाणाऱ्या अल्पमुदतीच्या कर्जांवर तिथे २०१५ पासून दिवसाला ०.८ टक्के आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या दुपटीपुढे जाणार नाही अशी मर्यादा आहे, तरीही दिवसाला ०.८ टक्के म्हणजे काय, हे व्याज मोजणाऱ्या कुणालाही कळेल. ३.२ टक्क्यांचे सरकारी कर्ज टाळून मुलगा कार्डावर जगू लागला, तर त्याच्यासारखे नुकसान नाही.

म्हणून बहिणीला मी जे सांगितले ते असे. थोरलीच्या कर्जात एक रुपयाही घालू नये. तिचे उत्पन्न खूप वाढले नाही, तर ते कर्ज पूर्ण फिटण्याआधीच माफ होण्याची शक्यता मोठी आहे. मुदतीआधी भरलेले पैसे अशा वेळी वाया जातात आणि ते परत मागता येत नाहीत. त्यापेक्षा तिच्या घराच्या पहिल्या रकमेला हातभार लावावा, कारण तिथल्या तरुणांपुढचा खरा डोंगर घराचा आहे. धाकट्याचा हिशेब वेगळा आहे. चाळीस वर्षांच्या मुदतीमुळे आणि खालच्या मर्यादेमुळे 'प्लॅन ५' मधले निम्म्याहून अधिक कर्जदार संपूर्ण रक्कम फेडतील, असा सरकारचाच अंदाज आहे. त्यातही मध्यम पगाराचे परिचारिका आणि शिक्षक फेडत राहतात सर्वांत जास्त वर्षे, तर मोठ्या पगाराचा माणूस लवकर फेडून मोकळा होतो. मुलगा पुढे चांगले कमावणार असेल, तर सुरुवातीलाच शुल्क रोख भरणे त्याच्या फायद्याचे ठरू शकते. पण अठराव्या वर्षी हे कुणाला कळणार? त्यामुळे शुल्काचे कर्ज पूर्ण घ्यावे, निर्वाह कर्जही मिळेल तेवढे घ्यावे आणि आजीने दरमहा खोलीभाड्यातली तूट भरून काढावी, असे ठरले. बहिणीची मुदतठेव तिच्या औषधपाण्यासाठी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे, असे मी तिला स्पष्ट सांगितले. महागाई निर्देशांकाइतक्या व्याजाचे, जामीनदार नसलेले कर्ज पंचाहत्तरीतल्या बाईने स्वतःच्या आधाराच्या पैशांतून फेडणे, हे पिढ्यांच्या न्यायाच्या कोणत्याही मोजमापात बसत नाही.

नातवंडांपैकी कुणी पदवीनंतर पुण्यात येऊन हिंजवडी किंवा खराडीला नोकरी करणार असेल, तर कर्ज मागेच राहते असे समजू नये. स्टुडंट लोन्स कंपनी प्रत्येक देशासाठी वेगळी उत्पन्नमर्यादा ठरवते आणि भारतासाठी ती ब्रिटनपेक्षा बरीच खाली आहे. परदेशी उत्पन्नाचा अर्ज वेळेवर भरला नाही, तर उत्पन्न न पाहता ठरावीक मासिक रक्कम मागितली जाते. ब्रिटनमधील पगाराच्या प्रत्येक स्लिपवर कर्जाचा प्लॅन क्रमांक बरोबर आहे ना, हेही पाहावे. 'प्लॅन २' च्या मुलीवर 'प्लॅन ५' ची मर्यादा लागली, तर २०२५-२६ च्या आकड्यांनी वर्षाला ३१२ पौंडांपर्यंत जास्त कापले जातात. चूक लक्षात आल्यावर मालकाला कळवून जास्तीची कपात परत मागता येते, आणि त्यासाठी त्या महिन्यांच्या स्लिपा जपून ठेवलेल्या असाव्या लागतात.